भातुकली नक्की कोणाची? खेळण्यावर प्रोजेक्ट करायचा असेल तर

मुलींची खेळणी, मुलग्यांची खेळणी या विषयावर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी सगळी खेळणी घेऊन बसू नका, एकच घ्या. आपल्याकडे तळकोकणात सावंतवाडीची लाकडी भातुकली सगळ्यात सोयीची, चितार आळीत एका सकाळी चार-पाच दुकानं आरामात बघून होतात.

आधी घरी एक सेट काढून एकेक वस्तू वहीत लिहा. जातं, उखळ-मुसळ, चूल, पोळपाट-लाटणं, आणि शेजारी लिहा की तुमच्या घरात आज ही वस्तू कोण वापरतं. जात्यापुढे बहुतेक ठिकाणी कोणीच नाही असं येईल, म्हणजे पोरांच्या हातात आपण पणजीच्या वेळचं घर देतोय, हा तुमचा पहिला मुद्दा झाला.

मग दुकान. 'हे मुलींसाठीच असतं ना?' असं विचारलंत की संपलं, समोरचा हो म्हणणारच. दोघांनी वेगवेगळ्या वेळी एकाच दुकानात जा, एकाने भाचीसाठी मागा, दुसऱ्याने भाच्यासाठी, वय आणि बजेट सेम, आणि पहिल्यांदा काय दाखवलं तेवढंच लिहा. नंतर दुकानदाराला प्रोजेक्टचं खरं सांगा प्लीज, आपलीच माणसं आहेत. मी भाच्यासाठी म्हटलं तर हात सरळ बैलगाडीकडे गेला, भातुकली मागितली तेव्हा 'चेडू आसा काय?', म्हणजे मुलगी आहे का, असं विचारलं.

1992 मध्ये मॅटेलच्या बोलणाऱ्या बार्बीच्या तोंडी गणिताचा तास अवघड असतो अशा अर्थाचं वाक्य होतं, लोकांनी आवाज उठवल्यावर कंपनीने ते काढलं. आपली लाकडी भातुकली काही बोलत नाही, त्यामुळे इथे आजूबाजूची मोठी माणसं काय बोलतात ते टिपायला लागतं आणि खरं मटेरियल तिथेच आहे.

त्यासाठी वाडीतल्या पोरांजवळ अर्धा तास गप्प बसा. आईवडिलांना विचारून, फोटो न काढता, वहीत कोणाचं नाव न लिहिता. गेल्या मे महिन्यात एक चार वर्षांचा मुलगा करवंटीत मातीची आमटी ढवळत होता, अगदी तोंडाने रटरट आवाज काढत, तर पडवीतून त्याचा काका ओरडला, 'बायल्या आहेस काय रे?' त्याने डाव खाली ठेवला आणि हात चड्डीला पुसले. मला फार वाईट वाटलं, पण असं वाक्य जसंच्या तसं लिहा, सौम्य करू नका.

आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे, गावच्या देवळात महाप्रसादाला मोठमोठ्या टोपांत भात आणि आमटी ढवळायला आमच्याकडे पुरुषच उभे असतात, तो काकासुद्धा. म्हणून मुलाखतीत हा प्रश्न ठेवाच, देवळात जेवण कोण करतं आणि घरी कोण करतं.

आणि आजोबांना विसरू नका. लहानपणी बहिणींबरोबर भातुकली खेळलात का, विचारा, बरेच जण हो म्हणतात. मग ती कितव्या वर्षी सुटली आणि कोणाच्या सांगण्यावरून सुटली ते विचारा. इथे उत्तर यायला वेळ लागतो, मध्ये बोलू नका.