अमेरिकेतील सॉकरशी ओळख कशी करून घ्यावी

बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलवर वाढलेला अमेरिकी क्रीडारसिक गेल्या तीन दशकांत सॉकरकडे, म्हणजे इतरत्र ज्याला नुसते फुटबॉल म्हणतात त्या खेळाकडे, मोठ्या संख्येने वळला आहे. १९९४ साली या देशात विश्वचषक भरला तेव्हा सामन्यांना ३५ लाखांहून अधिक प्रेक्षक आले, परंतु त्या वेळी तेथे प्रथम दर्जाची व्यावसायिक लीगच अस्तित्वात नव्हती. मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, १९९६ मध्ये १० संघांनिशी सुरू झाली आणि २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या प्रवेशाने ही संख्या ३० झाली. त्यांत कॅनडाचेही तीन संघ आहेत. इतक्या पसरलेल्या खेळात नव्या प्रेक्षकाने शिरावे कोठून, याविषयी माझे मत ठाम आहे: जवळचा संघ निवडावा आणि टीव्हीच्या आधी मैदान गाठावे.

संघ निवडताना केवळ एखाद्या नामवंत खेळाडूमागे जाऊ नये. जुलै २०२३ मध्ये लिओनेल मेस्सी इंटर मायामीकडे आल्यावर देशभर तिकिटांसाठी झुंबड उडाली. एप्रिल २०२४ मध्ये तर स्पोर्टिंग कॅन्सस सिटीने त्याच्याविरुद्धचा सामना आपल्या नेहमीच्या लहान मैदानातून हलवून अमेरिकन फुटबॉलच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये नेला आणि ७२ हजारांहून अधिक लोक जमले. असे सामने अवश्य पाहावेत. पण खेळाची खरी गोडी हंगामभर एकाच संघाचे चढउतार पाहिल्याने लागते. गावाजवळ एमएलएसचा संघ नसेल तर यूएसएल या खालच्या पातळीवरच्या लीगचा संघ असण्याची शक्यता बरीच असते. तेथे तिकीट सहसा स्वस्त असते आणि मैदान इतके जवळ असते की खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाकाही ऐकू येतात.

पहिल्या सामन्याला मैदानाच्या लांब बाजूची, थोडी वरची जागा घ्यावी. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे चेंडूपासून दूर काय घडते ते निसटते. वरच्या आसनावरून मात्र दोन्ही संघांची रचना एका दृष्टिक्षेपात दिसते. दहा मिनिटे चेंडूवरची नजर मुद्दाम काढावी आणि फक्त एका संघाच्या बचाव फळीकडे पाहावे. चारही बचावपटू एकदम पुढे सरकतात, एकदम मागे येतात, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला प्रतिस्पर्धी आघाडीपटू पास सुटण्याची वाट पाहत असतो. सहकाऱ्याने चेंडू पुढे टाकला त्या क्षणी तो प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असून चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. हा नियम पुस्तकात किचकट वाटतो. बचाव फळीकडे पाहत बसले की त्याचे प्रयोजन आपोआप कळते.

दुसऱ्या वेळी गोलमागच्या समर्थकांच्या विभागात जावे. तेथे लोक पूर्ण सामना उभे राहून पाहतात, ढोल वाजतात आणि घोषणांचे नेतृत्व करणारा बहुतेक वेळ मैदानाकडे पाठ करून उभा असतो. पोर्टलंड टिंबर्सच्या मैदानात यजमानांनी गोल केला की संघाचा शुभंकर टिंबर जोई चेनसॉने ओंडक्याची एक चकती कापतो आणि सामना संपल्यावर ती गोल करणाऱ्या खेळाडूला दिली जाते. सिएटल, पोर्टलंड आणि व्हँकुव्हर यांच्यातील कॅस्केडिया चषक २००४ मध्ये समर्थकांनीच सुरू केला. क्लबच्या मालकांनी नव्हे, प्रेक्षकांनी घडवलेली ही संस्कृती अमेरिकी सॉकरची सर्वांत मोलाची कमाई आहे, असे मला वाटते.

अमेरिकी खेळांची सवय असलेल्यांना सुरुवातीला घड्याळ आणि बरोबरी या दोन गोष्टी खटकतात. सॉकरचे घड्याळ थांबत नाही, संघांना टाइमआउट नसतो, आणि वाया गेलेला वेळ पंच प्रत्येक अर्ध्याच्या शेवटी जोडतो. एमएलएसने पहिल्या चार हंगामांत उलटे मोजणारे घड्याळ आणि बरोबरी मोडण्यासाठी ३५ यार्डांवरून धावत येऊन गोल करण्याची पद्धत वापरून पाहिली, पण १९९९ च्या हंगामानंतर दोन्ही सोडून दिले, आणि ते योग्यच झाले. परक्या मैदानात बरोबरी साधून चिवटपणे मिळवलेला एक गुण हंगामाच्या शेवटी किती उपयोगी पडतो, हे गुणतक्ता पाहणाऱ्याला लवकरच उमगते.

तक्ता वाचताना इतके ध्यानात ठेवावे की संघ पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांत असतात, प्रत्येकी ३४ सामने खेळतात, आणि तळाचा संघ खालच्या लीगमध्ये घसरत नाही. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला सपोर्टर्स शील्ड मिळते, तर अंतिम विजेता बाद फेरीतून ठरतो. वसंतापासून डिसेंबरपर्यंत चालणारा हंगाम २०२७ च्या उन्हाळ्यापासून युरोपच्या वेळापत्रकाशी जुळवण्याचा निर्णय लीगने जाहीर केला आहे.

महिलांचा खेळ पुढे कधीतरी पाहू, असे म्हणून बाजूला ठेवू नये. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे अमेरिकी शाळा-महाविद्यालयांत मुलींचा सॉकर फोफावला आणि त्यातूनच १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ चे विश्वविजेते संघ उभे राहिले. १९९९ चा अंतिम सामना पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील रोझ बोल स्टेडियममध्ये ९० हजारांहून अधिक प्रेक्षक होते. महिलांची राष्ट्रीय लीग, एनडब्ल्यूएसएल, २०१३ पासून सुरू आहे, आणि कॅन्सस सिटीत २०२४ मध्ये महिलांच्या व्यावसायिक संघासाठीच बांधलेले स्टेडियम खुले झाले. दर्जेदार सॉकर लवकर पाहायचा असेल, तर मी येथूनच सुरुवात सुचवेन.

घरबसल्या पाहायचे तर एमएलएसचे सामने २०२३ पासून ॲपल टीव्हीवर दिसतात. मेक्सिकोच्या लीगा एमएक्सचाही अमेरिकेत फार मोठा प्रेक्षकवर्ग आहे, आणि भाषा येत नसली तरी स्पॅनिश समालोचन लावून पाहावे, कारण आवाजाच्या चढउतारावरूनच हल्ल्याची चाहूल लागते. इंग्लंडची प्रीमियर लीग २०१३ पासून एनबीसी ही वाहिनी दाखवते. शनिवारचा पहिला सामना पूर्व किनाऱ्यावर साधारणपणे सकाळी साडेसातला आणि पश्चिम किनाऱ्यावर पहाटे साडेचारला सुरू होतो. अमेरिका आणि युरोप घड्याळे वेगवेगळ्या आठवड्यांत बदलतात, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरअखेरीस काही दिवस सामने नेहमीपेक्षा एक तास उशिरा सुरू होतात. त्या दिवसांत गजर लावण्यापूर्वी वेळापत्रक पुन्हा तपासावे.