ड्रिफ्ट कानानं खेळा

दिवसभर उद्यमनगरात लेथवर उभं राहायचं आणि रात्री मोबाईलवर गाडी घसरवत बसायचं, असला माझा नाद. गल्लीतली पोरं विचारत्यात, "दादा, रेस जिंकायची सोडून गाडी आडवी करण्यात कसली मजा?" आरं, ड्रिफ्टमध्ये, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण घेण्यात, पहिला कोण आला ते बघतच न्हाईत. जपानात २००१ला डी१ ग्रांप्री सुरू झाली, तिथंबी परीक्षकच गाडीची लाइन, तिरपेपणा आणि वेग बघून गुण देत होते. घड्याळाची घाई न्हाई, म्हणून रात्री डोकं शांत होतंय.

मी कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग २ खेळतो. फुकट मिळतो. गाडी निवडताना एकच बघा: इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी पाहिजे. दिसायला भारी, हजार हॉर्सपॉवरची गाडी नवख्यानं घेऊ नये. नुसती भिंगरी होते. मग सेटिंगमध्ये जाऊन स्टेरिंगची मदत, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं फुकट फिरू न देणारी सोय), असलं जे असंल ते हळूहळू बंद करा. मदत चालू ठेवली की गाडी गेमच चालवतो, आपण नुसतं बघायचं.

आता हेडफोन लावा. हे कुणी सांगत न्हाई, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच. लेथवर फीड (हत्यार पुढं सरकायचा वेग) जास्त झाला की जॉब (कापायचा तुकडा) किरकिरतो आणि हात आपोआप मागं येतो, तसंच इथं हाय. टायरचा एकसारखा चीत्कार चालू असंल तर ड्रिफ्ट बसलाय. इंजिन एकदम किंचाळलं तर मागची चाकं फुकट फिरायलीत, रेस (म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर) कमी करा. टायर गप झाले तर पकड परत आली, आणि स्टेरिंग उलटं धरलेलं असंल तर गाडी दुसऱ्या बाजूला फटका मारणार.

वळणाआधी रेस सोडा. वजन पुढं जातंय, मागची बाजू हलकी होते. त्याच क्षणी स्टेरिंग वळणाकडं, हँडब्रेकला एक झटका, आणि लगेच रेस. मागचं घसरायला लागलं की स्टेरिंग उलट्या बाजूला, म्हणजे पुढची चाकं आपल्याला जायचंय तिकडंच राहिली पाहिजेत. हँडब्रेक धरून ठेवू नका, गाडी मरते. रेसचं बटणसुद्धा दाबून धरायचं न्हाई, टपटप मारायचं. वळणात गाडी किती आडवी राहणार, हे निम्मं तिथंच ठरतंय.

सुरुवातीला ट्रॅकवर जाऊच नका. मोकळी जागा बघा, एकाच जागी गोल गोल फिरवा, मग इंग्रजी आठ काढा. आठच्या मधोमध बाजू बदलताना गाडी क्षणभर सरळ होते. तिथं रेस सोडायची, स्टेरिंग स्वतःहून फिरू द्यायचं आणि टायर परत ओरडला की पकडायचं. हे जमलं की अंगावर काटा येतो, खरंच.

दारात ओम्नी असंल तर तिचीबी ताकद मागच्याच चाकांना जाते, पण रंकाळ्यावर न्हाईतर करूळ घाटात प्रयोग नको, मर्दा. गेममध्ये भिंतीला धडकलं तर रीस्टार्टचं बटण हाय.

एकट्यानं जमायला लागलं की टँडेम लावा, म्हणजे दोन गाड्या एकामागं एक घसरवायच्या. पुढच्या गाडीच्या मागच्या दाराकडं बघत चालवायचं, तिच्या बंपरकडं न्हाई. बंपर बघितला की त्यालाच जाऊन भिडता.