लेणं घासण्याआधी थांबा: मुंबईतल्या लेण्यांच्या साफसफाईत या चुका टाळा

पावसाळा सरला की कान्हेरी, महाकाली, मंडपेश्वरच्या श्रमदानाचे निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. पाण्याची बाटली आणा, हातमोजे आणा, जमल्यास तारेचा ब्रश आणा. माझं भांडण या शेवटच्या वस्तूशी आहे. भिंतीवर बदामात दोन नावं कोरणारा पाच मिनिटांत निघून जातो. ती नावं पुसायला आलेली मंडळी मात्र तासभर एकाच जागी घासत बसतात आणि शेवटी नाव राहतं, दगड जातो. हेतू चांगला असल्यामुळे त्यांना कुणी हटकतही नाही.

तारेचा ब्रश, ॲसिड, थिनर

मुंबईतली सगळी लेणी एकाच दगडात नाहीत. घारापुरीचा बेसॉल्ट कठीण आणि घट्ट आहे. कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वरचा दगड म्हणजे ब्रेशिया, ज्वालामुखीतून फेकले गेलेले लहानमोठे तुकडे बारीक चुऱ्यात जखडून तयार झालेला. चिक्कीतला गूळ खरवडला तर दाणे सुटतात, तसंच इथे होतं. ब्रश आधी तुकड्यांमधला मऊ भाग उडवतो आणि मग तुकडेच निखळतात. त्यातून ब्रशच्या तारेचे कण दगडाच्या छिद्रांत अडकून राहिले, तर पहिल्या पावसात गंजून तांबूस डाग पाडतात.

संडास साफ करायचं ॲसिड तर लेण्याच्या आसपासही नेऊ नका. त्याने दगडातली खनिजं सुटतात, लोह बाहेर येऊन तपकिरी डाग पडतो आणि मागे उरलेले क्षार पुढची कित्येक वर्षं दगड आतून पोखरतात. ऑइलपेंटवर थिनर चोळला की रंग पातळ होऊन छिद्रांत आणखी खोल शिरतो. भिंत वरवर पुसट दिसते आणि सगळे टाळ्या वाजवतात, पण आता तो रंग काढणं जाणकारालाही अवघड झालेलं असतं. गाड्या धुवायचा जोरदार पाण्याचा फवाराही नको.

कोळशाने किंवा खडूने लिहिलेलं असेल आणि तो भाग कोरडा असेल, तर मऊ केसांच्या ब्रशने हलक्या हाताने झटकता येतं. तेसुद्धा परवानगी असेल तरच. रंग असेल तर हात लावू नका. पुरातत्त्व खात्याच्या रसायन शाखेतले लोक अशा ठिकाणी लेप वापरतात. माती किंवा कागदाचा लगदा योग्य द्रावणात भिजवून डागावर थापायचा, झाकून ठेवायचा, म्हणजे डाग हळूहळू लेपात ओढला जातो. एका हातभर जागेला पुन्हा पुन्हा लेप द्यावा लागतो. रविवारी सकाळी सुरू करून दुपारच्या जेवणाआधी संपवायचं हे काम नव्हे.

भिंतीवर पांढरं दिसतंय? ती बुरशीच असेल असं नाही

सर्वांत जास्त गफलत इथे होते. भिंतीवर पांढरी भुकटी किंवा पापुद्रा दिसला की ‘बुरशी आली’ म्हणून लोक पाणी ओतून धुतात. बहुतेक वेळा ते क्षार असतात. दगडात मुरलेलं पाणी बाहेर येऊन वाळतं, त्यातले क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाची ढलपी सुटते. वरून पाणी टाकलंत की तेच क्षार विरघळून परत आत जातात आणि पुढच्या उन्हात नव्याने फुगतात. म्हणजे धुण्याने आजार वाढतो.

अशा वेळी भिंत सोडा आणि वर बघा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ज्यांनी कान्हेरी खोदली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिथे कातळात पन्हळी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी पाण्याचं टाकं आहे, शिलालेखांत ज्याला पोढी म्हटलंय. आज त्याच पन्हळींत चिप्सची पाकिटं, बाटल्या आणि पालापाचोळा अडकतो, पाणी वाट बदलतं आणि छतातल्या भेगेतून लेण्यात उतरतं. त्यामुळे श्रमदानाला दहा माणसं आली असतील तर नऊ जणांना वर पन्हळी मोकळ्या करायला पाठवा. फोटोत ते काम शोभून दिसत नाही, पण लेण्याला खरा उपयोग त्याचाच आहे. फक्त कचरा आणि पानं उचला. टाक्यातला किंवा पन्हळीतला जुना गाळ उपसू नका, कारण त्यात खापरं, नाणी, काहीही असू शकतं आणि एकदा फावडं चाललं की कुठल्या थरात काय होतं ते कायमचं पुसलं जातं.

भेगेत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो ओढून काढायची खुमखुमी येते. ओढू नका. मुळाबरोबर दगडाचा तुकडाही येतो. फोटो काढून कळवा.

भेग दिसली की सिमेंट भरणं ही त्याच जातीची चूक. सिमेंट दगडापेक्षा घट्ट आणि श्वास न घेणारं असतं. आतला ओलावा तिथून बाहेर पडू शकला नाही की शेजारच्या दगडातून वाट काढतो, वर सिमेंटमधले क्षारही बरोबर नेतो. काही वर्षांनी सिमेंटची पट्टी ठणठणीत उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा मूळ दगड झडलेला, असं चित्र दिसतं. जुन्या कामाला चुन्याचा गिलावा योग्य, आणि तो कुठे, किती, कसा हे जाणकाराने ठरवायचं.

शिलालेखात खडू भरू नका

‘अक्षरं नीट दिसावीत म्हणून’ शिलालेखांत खडू घासणारे बहुधा इतिहासप्रेमीच असतात, हे दुर्दैव. खडू कोपऱ्यांत बसून राहतो आणि तुम्ही चुकीची रेघ भरलीत तर पुढचा माणूस तीच वाचतो. त्याऐवजी मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारा. तिरप्या उजेडात खोल रेघांत सावली पडते आणि ब्राह्मी अक्षरं डोळ्यांसमोर उठून येतात. फोटोही त्यातच चांगला येतो.

कोरीव मजकूर गेला की काय जातं, हे घारापुरीला विचारा. तिथला एक शिलालेख सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवला आणि तो हरवला. हे लेणं नक्की कुणी, कधी खोदवलं यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

आता कुणीतरी म्हणेल, कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीच आहेत की! आहेत. हजार वर्षांनी ती पुरावा झाली, हेही खरं. पण वर्षभरात येणाऱ्या हजारो लोकांनी हाच हिशेब लावला तर उरायला भिंत तरी हवी ना.

शेंदूर, दिवा आणि क्रूस

जोगेश्वरीत आजही पूजा होते. तिथे तेल, शेंदूर, काजळी दिसली म्हणून परस्पर खरवडायला बसू नका. दगडाचं नुकसान होईलच, वर भांडण होईल. पुजाऱ्यांशी नीट बोललं तर दिवा भिंतीपासून दूर, वाळूच्या ताटात ठेवण्यासारखे साधे बदल होऊ शकतात.

मंडपेश्वरला उलटी अडचण. सोळाव्या शतकात पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी या शैव लेण्याचं प्रार्थनास्थळ केलं आणि भिंतीवर मोठा क्रूस कोरला. तो आज पाहताना राग येणारे लोक मी बघितले आहेत. राग असू द्या, हात खिशात ठेवा. झालेली मोडतोडही लेण्याच्या कागदपत्रांचाच भाग आहे.

‘पहिल्यासारखं करू’ या हट्टाची किंमत

तज्ज्ञांच्या हातूनही चुका झाल्या आहेत. अजिंठ्याची चित्रं वाचवायला निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार आणले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले, ते काम टिकलंही, पण वरून दिलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडून काळवंडलं आणि ते उतरवण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांचा फार काळ गेला. फ्रान्समधलं लास्को, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांची गुहा, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि श्वासातल्या वाफेने व कार्बन डायऑक्साइडने चित्रं बिघडू लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद करावं लागलं. कान्हेरीच्या ३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर अर्धवट राहिलेलं चित्र आहे. तिथे घोळक्याने शिरून फ्लॅश मारणाऱ्यांनी लास्को आठवावं.

म्हणून दुरुस्तीचे दोन नियम आहेत. केलेलं काम पुढे काढता आलं पाहिजे आणि नवं काय, जुनं काय हे ओळखू आलं पाहिजे. घारापुरीच्या मुख्य लेण्यात नव्याने घातलेले खांब साधे आहेत ते चांगलंच आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत उभा असलेला दगडी हत्ती तर बघाच. घारापुरीचं ‘एलिफंटा’ हे नाव याच्यामुळे पडलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायला उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले.

मग नुकसान दिसलं तर करायचं काय?

आधी फोटो: एक लांबून, एक जवळून, शेजारी मापासाठी पट्टी धरून, पण दगडाला न टेकवता. लेण्याचा क्रमांक, कुठली भिंत, तारीख लिहा. मागच्या वर्षीचा त्याच जागेचा फोटो सापडला तर सोन्याहून पिवळं. कारण ‘भेग आहे’ आणि ‘भेग वाढली आहे’ या दोन तक्रारींना वेगवेगळं वजन असतं. हे सगळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला लेखी पाठवा. कान्हेरी राष्ट्रीय उद्यानात असल्यामुळे तिथल्या झाडाझुडपांच्या, वटवाघळांच्या आणि मधमाश्यांच्या पोळ्यांच्या बाबतीत वनखात्यालाही कळवा. वटवाघळं हुसकायला धूर करू नका.

श्रमदानाची परवानगीही लेखीच घ्या आणि त्यात कोणती साधनं वापरणार ते नमूद करा. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ‘साहेब, आम्ही साफ करत होतो’ हे उत्तर तिथे चालेलच याची खात्री नाही.