गार्डच्या जोड्या कशा तोलायच्या: वेस्ट-गुडरिच ते करी-थॉम्पसन

सकाळचा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना संपतो, मंडळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमतात आणि पहिली प्लेट हातात यायच्या आत वाद सुरू होतो. एक म्हणतो, गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टेफ करी आणि क्ले थॉम्पसनच्या जवळपासही कोणी नाही. दुसरा म्हणतो, "काऊन बे, जॉर्डन-पिपेन इसरला का?" वाद तिथेच भरकटतो, कारण वाद गार्डच्या जोड्यांचा, आणि पिपेन गार्ड (चेंडू पुढे नेणारा, बाहेरून खेळणारा) नव्हता, फॉरवर्ड (बास्केटच्या जास्त जवळ खेळणारा) होता. म्हणून आधी यादीत कोण बसतं ते ठरवा, मग कोण मोठं ते.

यादीची चाळणी

नियम तीनच ठेवा. दोघेही गार्ड हवेत. निदान तीन हंगाम एकत्र खेळलेले हवेत. आणि सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत दोघेही मैदानात असायला हवेत. पहिल्या नियमाने जॉर्डन-पिपेन, कोबी-शॅक आणि लेब्रॉन-कायरी बाहेर जातात. दुसऱ्याने हार्डन-पॉल जातात. २०१७-१८ मध्ये ह्यूस्टनने ६५ सामने जिंकले खरे, पण ती जोडी दोनच हंगाम टिकली.

तिसरा नियम सुरुवातीच्या पाचांवर अडून बसणाऱ्यांसाठी आहे. सॅन अँटोनियोचा जिनोबिली बऱ्याचदा बाकावरून यायचा, २००८ चा सर्वोत्तम सहावा (म्हणजे राखीव) खेळाडूही तोच होता. पण निकालाच्या वेळी तो पार्करसोबत मैदानात असायचा, म्हणून पार्कर-जिनोबिली यादीत राहतात. लॉस एंजेलिस लेकर्सचा मॅजिक जॉन्सन ६ फूट ९ इंचांचा असला तरी गार्डच. मात्र त्याच्या दोन ओळी करा: नॉर्म निक्सनसोबतची वेगळी, बायरन स्कॉटसोबतची वेगळी. दोन्हींची बेरीज करून एकच जबरदस्त "जोडी" तयार करणं ही नेहमीची लबाडी आहे.

आकडे काढताना

एक साधी अडचण तारखेची. अमेरिकेत रात्री सुरू झालेला सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. क्ले थॉम्पसनने एकाच क्वार्टरमध्ये ३७ गुण केले ती रात्र २३ जानेवारी २०१५ ची, नागपुरात तेव्हा २४ तारीख उजाडली होती. बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) नेहमी तिथल्या तारखेने शोधा. नाहीतर पान सापडत नाही, किंवा भलत्याच सामन्याचं सापडतं.

मोठी अडचण अशी की सगळे आकडे सगळ्या काळात मोजलेच गेलेले नाहीत. २४ सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं शॉट क्लॉक १९५४-५५ पासूनचं. स्टील (हिसकावलेले चेंडू), ब्लॉक (हवेत अडवलेले शॉट) आणि आक्रमणातले रिबाउंड (आपलाच शॉट चुकल्यावर परत मिळवलेले चेंडू) १९७३-७४ पासून नोंदले जातात, खेळाडूंचे टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) १९७७-७८ पासून. तीन गुणांची रेषा १९७९-८० ला आली. १९९४-९५ पासून तीन हंगाम ती सगळीकडे २२ फुटांवर आणली होती, त्यामुळे त्या वर्षांची टक्केवारी फुगलेली दिसते. झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याला) २००१-०२ पासून परवानगी मिळाली आणि हाताने अडवण्यावर २००४-०५ पासून कडक शिट्टी वाजू लागली.

म्हणून "वेस्टच्या नावावर स्टील फारशा नाहीत" हा मुद्दा कोणी काढला तर तो तिथेच खोडा. लेकर्सच्या जेरी वेस्टचा फक्त शेवटचा हंगाम (१९७३-७४) मोजला गेला. त्यात ३१ सामन्यांत ८१ स्टील आहेत, आणि तेव्हा त्याने पस्तिशी गाठली होती.

एक हिशेब, पूर्ण करून

शूटिंगसाठी "ट्रू शूटिंग" वापरा. फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या शॉटच्या) प्रयत्नांना ०.४४ ने गुणा, त्यात फील्ड गोलचे (चालू खेळातल्या शॉटचे) प्रयत्न मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिने भागा. ०.४४ एवढ्यासाठी की प्रत्येक दोन फ्री थ्रोमागे एक हल्ला (संघाकडे चेंडू असण्याची एक पाळी) खर्च होतोच असं नाही. बास्केट होऊन वर मिळालेला फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा थ्रो हल्ला खात नाही.

जोडीचं गणित करताना दोघांच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. आधी गुण एकत्र करा, प्रयत्न एकत्र करा, मग भागाकार. एकाने २० शॉट मारले आणि दुसऱ्याने ८, तर सरासरी हमखास फसवते.

आता लेकर्सचे १९७१-७२ चे वेस्ट-गुडरिच आणि २०१५-१६ चे करी-थॉम्पसन शेजारी मांडा. वेस्टचे ७७ सामन्यांत १,९८५ गुण, गुडरिचचे ८२ सामन्यांत २,१२७. मिळून ४,११२. करीचे ७९ सामन्यांत २,३७५, थॉम्पसनचे ८० सामन्यांत १,७७१. मिळून ४,१४६. गंमत म्हणजे दोन्हीकडे सामन्यांची बेरीज १५९ च येते, आणि गुणांतला फरक फक्त ३४.

एवढ्यावर वही मिटली तर दोन्ही जोड्या बरोबरीच्या वाटतील. खरा फरक प्रयत्नांत आहे. वेस्ट-गुडरिचने ३,२३५ फील्ड गोल आणि १,१९२ फ्री थ्रो घेतले: ट्रू शूटिंग ०.५४७. करी-थॉम्पसनने २,९८४ फील्ड गोल आणि ६२१ फ्री थ्रो: ०.६३६. म्हणजे तेवढेच गुण करायला २५१ शॉट कमी लागले, आणि फ्री थ्रोही जवळपास निम्मे. त्या हंगामात करीचे तिनाचे ४०२ शॉट गेले, थॉम्पसनचे २७६.

पण वेस्टच्या काळात ती रेषाच नव्हती. त्यामुळे शेवटची पायरी म्हणून त्या-त्या वर्षाच्या लीगची सरासरी वजा करा. १९७१-७२ ची साधारण ०.५० होती, २०१५-१६ ची साधारण ०.५४. वेस्ट-गुडरिच आपल्या काळापेक्षा चार-साडेचार टक्क्यांनी वर, करी-थॉम्पसन नऊ-साडेनऊ टक्क्यांनी. काळाची सवलत दिल्यावरही फरक दुपटीचा उरतो. आमच्या मते करी-थॉम्पसनच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, "गुडरिचचे लांबचे शॉट आज तिनाचे धरले असते" म्हणत गुण वाढवणं. रेषा असती तर तो तिथून किती वेळा मारायला गेला असता, हे त्या आकड्यांत लिहिलेलं नाही. दुसरी, ०.४४ दगडावरची रेघ समजणं. वेस्टच्या काळी संघ पेनल्टीत गेला, म्हणजे त्याचे फाउल मर्यादेबाहेर गेले, की समोरच्याला दोन फ्री थ्रो करायला तीन संधी मिळत, त्यामुळे जुन्या हंगामांसाठी हा गुणक ढोबळच आहे. अर्ध्या टक्क्याच्या फरकावर कोणाला जिंकवू नका.

सांधा कसा आहे

दोन मोठे गार्ड एकत्र आले म्हणजे जोडी झाली असं नाही. एकाच्या हातात चेंडू असताना दुसरा काय करतो, हे व्हिडिओ बघूनच कळतं. तेही पूर्ण सामन्याचा. क्लिपमध्ये गेलेलेच शॉट असतात, चुकलेले कोणी कापून लावत नाही.

तिसऱ्या क्वार्टरमधले सलग २० हल्ले घ्या. पहिल्या गार्डकडे चेंडू असताना नजर दुसऱ्याच्या रक्षकावर ठेवा. तो आपल्या माणसाला चिकटून असेल तर "च" लिहा, एक पाय पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) टाकून मदतीला उभा असेल तर "प", सरळ सोडून चेंडूवर धावला असेल तर "द". मग भूमिका बदलून आणखी २० हल्ले. दोन्ही पानांवर "च" भरपूर असतील तर सांधा पक्का. एका पानावर "प" आणि "द" यांची गर्दी असेल तर एकाचा भार दुसरा वाहतोय.

५ डिसेंबर २०१६ ला थॉम्पसनने इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले, त्यासाठी ११ ड्रिबल पुरले. चेंडू त्याच्या हातात एकूण जेमतेम दीड मिनिट होता. करीला असाच जोडीदार लागतो, चेंडू न मागणारा. वेस्ट-गुडरिचचा सांधाही याच जातीचा: वेस्टने सामन्याला ९.७ असिस्ट (बास्केट घडवणारे पास) देत लीगमध्ये पहिला नंबर काढला आणि गुण मात्र २५.८ विरुद्ध २५.९, गुडरिचचे किंचित जास्त. त्यांना शिकवत होता बिल शार्मन, जो स्वतः बॉस्टनमध्ये बॉब कूझीच्या शेजारी याच कामावर होता.

उलट उदाहरण पोर्टलंडच्या लिलार्ड-मॅकॉलमचं. दोघेही उत्तम, पण दोघेही चेंडू हातात घेऊन खेळणारे आणि दोघेही लहान चणीचे. एकाचं दुसऱ्याने झाकलं जाईल अशी उणीवच नव्हती, दोघांची एकच उणीव. २०१९ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये (लीगच्या उपांत्य फेरीत) वॉरियर्सने त्यांना ४-० ने घरी पाठवलं.

१९९६-९७ नंतरच्या जोड्यांसाठी चार खणांचा तक्ता करा: दोघे मैदानात, फक्त पहिला, फक्त दुसरा, दोघेही बाहेर. प्रत्येक खणात १०० हल्ल्यांमागे संघ किती गुणांनी पुढे, ते भरा. ३०० मिनिटांपेक्षा कमी असलेला खण कोराच सोडा. आणि करी-थॉम्पसनसाठी ड्युरंट असलेले २०१६ ते २०१९ हे हंगाम वेगळ्या पानावर काढा.

बचाव

प्रश्न एकच: समोरचा सगळ्यात धोकादायक गार्ड कोणी उचलला? वॉरियर्समध्ये थॉम्पसन, न्यूयॉर्कमध्ये फ्रेझियर. जॉर्डनला अडवायचं काम डेट्रॉइटमध्ये ड्यूमार्सचं. सर्वोत्तम बचाव संघाच्या निवडी मोजताना लक्षात ठेवा की तो मान १९६८-६९ पासूनचा आहे. कूझी-शार्मनच्या खात्यावर शून्य आहे, कारण बक्षीसच नव्हतं.

किताब शेवटी मोजा

किताब आधी मोजला की उत्तर सेंटरकडे (बास्केटखालच्या उंच खेळाडूकडे) जातं. न्यूयॉर्क निक्सचे फ्रेझियर-मनरो आणि लेकर्सचे वेस्ट-गुडरिच १९७२ आणि १९७३ अशा सलग दोन फायनलमध्ये समोरासमोर आले. पहिली लेकर्सने ४-१ ने जिंकली, दुसरी निक्सने ४-१ ने. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू पहिल्यांदा लेकर्सचा चेंबरलेन, दुसऱ्यांदा निक्सचा विलिस रीड, दोघेही सेंटर. १९७२ ला रीड जखमी होऊन बाहेर होता. आता यातून गार्डचा निकाल कसा लावणार?

समोर कोण नव्हतं तेही लिहा. १९८९ ला डेट्रॉइटने लेकर्सना ४-० ने धुतलं, पण स्कॉट त्या मालिकेत खेळलाच नाही आणि मॅजिक दुसऱ्या सामन्यात जायबंदी झाला. २०१५ च्या फायनलमध्ये करी-थॉम्पसनसमोर क्लीव्हलंडचा कायरी एकाच सामन्यापुरता होता. कूझी-शार्मनचे चार किताब आठ संघांच्या लीगमधले आहेत.

तरी डेट्रॉइटची एक गोष्ट कोणाकडे नाही: १९८९ च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ड्यूमार्स, १९९० चा आयझिया थॉमस. दोघे गार्ड आळीपाळीने, आणि संघात चेंबरलेनच्या तोलाचा सेंटर नाही.

आम्ही वजन असं देतो: शूटिंग ३०, सांधा ३०, बचाव २०, प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) २०. करी-थॉम्पसन पहिले येतात. २०११ ते २०२४ मधले क्लेचे जखमेत गेलेले दोन हंगाम वजा केले तरी अकरा उरतात, आणि चार किताब. थॉमस-ड्यूमार्स दुसरे, शूटिंगमध्ये मागे पडून बचाव आणि प्लेऑफवर वर येतात. वेस्ट-गुडरिचचा १९७१-७२ चा हंगाम, सलग ३३ विजयांचा, एकट्याने पाहिला तर दुसऱ्या नंबरला धक्का देतो. पण १९७४ ला वेस्ट थांबला आणि गुडरिच १९७० ला लेकर्सकडे परतल्यानंतरची ही जोडी चार हंगामांतच संपली, म्हणून तिसरे. चौथ्या जागेसाठी फ्रेझियर-मनरो आणि डेट्रॉइटचे बिलप्स-हॅमिल्टन यांच्यात आमच्यातच एकमत नाही. बिलप्स-हॅमिल्टनने २००३ ते २००८ सलग सहा कॉन्फरन्स फायनल गाठल्या, त्यांचं नाव पोह्याच्या ठेल्यावर कधी निघत नाही. कूझी-शार्मनना नंबर देत नाही. त्यांच्या वहीत निम्मे रकाने रिकामे राहतात.