बेक्ड बीन्स: टोमॅटोची घाई करू नका

घरी केलेल्या बेक्ड बीन्सचे दाणे तासन्‌तास ओव्हनमध्ये राहूनही टणक राहतात, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: टोमॅटो, व्हिनेगर किंवा मोलॅसिस (साखर बनवताना उरणारा काळा, दाट पाक) सुरुवातीलाच घातलेलं असतं. आंबटपणामुळे आणि मोलॅसिसमधल्या कॅल्शियममुळे दाणे मऊ व्हायला फार वेळ लागतो. म्हणून छोटा पांढरा राजमा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात आधी नीट शिजवा. पहिली 10 मिनिटं तरी पाणी खळखळून उकळायलाच हवं. कच्च्या राजम्यातला विषारी घटक स्लो कुकरच्या मंद आचेवर जात नाही, त्यामुळे इथे कृपा करून टाळाटाळ नको.

शिजलं का ते बघायला दोन-चार दाणे चमच्यात घ्या आणि फुंकर मारा. साल फाटून मागे वळलं की झालं.

आता परतलेला कांदा, टोमॅटो, मोहरीची पूड, मोलॅसिस घाला, दाणे जेमतेम बुडतील इतकं शिजवणीचंच पाणी ओता आणि झाकण लावून 150 अंश सेल्सियसवर 3-4 तास ठेवा. अधूनमधून पाणी बघा. शेवटचा अर्धा तास झाकण काढलं की रस छान दाटतो.