ऑफिसच्या डीबीत कुठला ब्रेकर कुठे टाकायचा

ऑफिसचं वायरिंग काढलं की लाईट कुठे, पॉइंट किती, एसी कुठल्या भिंतीला ह्यावर दिवसभर चर्चा होते आणि डीबीत (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, सगळे ब्रेकर असतात तो डबा) काय बसवायचं ते मात्र शेवटच्या दिवशी घाईत ठरतं, मग सरसकट ३२ अँपियर सी कर्व्हचे ब्रेकर (कर्व्ह म्हणजे काय ते पुढे येतंच) लावून सगळे मोकळे होतात. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता नवीन काम दिसलं की आधी डीबीचं झाकण उघडायला सांगतो. निवडायला अवघड काही नाही, फक्त क्रम पाळायला हवा. (झाकणाच्या आतलं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण त्याला काय विचारायचं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.)

क्रम असा, आधी लोड, मग वायर, मग एमसीबी, म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला आपोआप बंद होणारा नेहमीचा छोटा ब्रेकर. एमसीबी मुळात वायर जळू नये म्हणून असते, त्यामुळे तिचं रेटिंग लोडपेक्षा जास्त किंवा तेवढंच आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी किंवा तेवढंच हवं. समजा एका रांगेत दहा टेबलं आहेत, प्रत्येकी कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून १५० वॅट धरले तर १५०० वॅट, २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपियर. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि १६ अँपियरची एमसीबी इथे आरामात चालते. पण त्याच रांगेत कोणी दोन हजार वॅटची किटली लावली की तिचेच जवळपास पावणेनऊ अँपियर होतात, शिवाय लेझर प्रिंटरचा हीटर अधूनमधून हजार वॅटच्या वर ओढतो, म्हणून पँट्री आणि मोठे प्रिंटर पहिल्यापासून वेगळ्या सर्किटवर घ्या. वायर किती अँपियर झेपते हेही ठरलेलं नसतं, एकाच पाइपात बरीच सर्किटं कोंबली किंवा वायर गरम सीलिंगवरून गेली की तीच वायर कमी झेपते.

आता एमसीबी पडते, म्हणजे ट्रिप होऊन सर्किट तोडते, ती कशी ते बघू, कारण कर्व्हचा सगळा घोळ इथेच होतो. आत दोन यंत्रणा असतात. एक बायमेटलची पट्टी, ती ओव्हरलोडने तापून हळूहळू वाकते. दुसरी कॉइल, ती शॉर्टसर्किटला झटक्यात पाडते. पट्टी किती सावकाश आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आयईसीच्या मानकाप्रमाणे रेटिंगच्या १.१३ पट करंटला एमसीबीने एक तासात पडायचंच नाही आणि १.४५ पटीला एका तासाच्या आत पडलंच पाहिजे, म्हणजे १६ची एमसीबी २३ अँपियरवर बराच वेळ शांत बसू शकते. कॉइल कधी खेचणार ते कर्व्ह सांगतो, बी असेल तर रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी असेल तर ५ ते १०, डी असेल तर १० ते २०.

साधे सॉकेट, हीटर, किटली ह्यांना बी पुरतो. एलईडी लाईट आणि कॉम्प्युटरची रांग असेल तर सी, कारण त्यांचे पॉवर सप्लाय चालू होताना क्षणभर खूप मोठा करंट ओढतात आणि सकाळी अख्ख्या मजल्याचे लाईट एका बटणावर लावले की सगळे झटके एकदम येतात. एलईडी ड्रायव्हरच्या (लाईटच्या पॉवर सप्लायच्या) डेटाशीटमध्ये एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील ते बहुतेक कंपन्या देतात, तो आकडा बघून सर्किटं वेगळी करा. डी हा ट्रान्सफॉर्मर आणि जड मोटरींसाठी, ऑफिसात क्वचितच लागतो.

आणि सी किंवा डी लावायचा तर अर्थिंगचा लूप (फॉल्टचा करंट फेजमधून येऊन अर्थमधून परत जातो तो पूर्ण रस्ता) मोजलाच पाहिजे, हे कृपा करून टाळू नका. सी १६ एमसीबी झटक्यात पडायची खात्री हवी असेल तर १६० अँपियर वाहायला हवेत, म्हणजे २३० भागिले १६०, लूपचा रोध १.४४ ओमच्या आत हवा, बी १६ असेल तर २.८७ ओमपर्यंत चालतो. लांबच्या टोकाच्या सॉकेटला मीटर लावून बघा, वायर लांब आणि बारीक असेल तर तिथे सी कर्व्हची एमसीबी फॉल्ट झाला तरी वेळेत पडत नाही आणि तोवर धातूच्या बॉडीवर करंट असतो.

आता लीकेज, म्हणजे वायरमधून निसटून अर्थमध्ये जाणारा करंट, आणि तो ओळखून सर्किट तोडणारी आरसीसीबी. माझ्या मते ऑफिसात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एका ठिकाणी आरसीसीबी रोज सकाळी सगळे कामाला बसले की पडायची, खराब आहे म्हणून दोनदा बदलली, तिसऱ्यांदा कोणीतरी चक्क बायपासच केली. बघायला गेलो तर २२ कॉम्प्युटर एकाच ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीवर. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे थोडा करंट अर्थमध्ये जातच असतो, नॉर्मल आहे ते, प्रत्येकी एक मिलीअँपियर धरला तरी २२ झाले, आणि ३०ची आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकते. आरसीसीबीचा काहीच दोष नव्हता, आणि ती बायपास केल्यावर इतकी माणसं शॉकपासूनच्या ह्या संरक्षणाशिवाय काम करत होती ह्याचं मला आजही वाईट वाटतं. नेहमीचा लीकेज रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ३०च्या डिव्हाइसला ९ मिलीअँपियर. तिथे आम्ही सर्किटं फोडून प्रत्येकाला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डिव्हाइसमध्ये) दिला, एकावर पाच-सहा कॉम्प्युटर, त्यानंतर एकदाही विनाकारण पडला नाही.

आरसीसीबी फक्त लीकेज बघते, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट तिला कळत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतेच. आरसीबीओमध्ये दोन्ही असतं, महाग पडतो पण एका टेबलाच्या बिघाडाने अर्धं ऑफिस बंद पडत नाही. आरसीसीबी-आरसीबीओचा टाइपही बघून घ्या (हा एमसीबीच्या कर्व्हपेक्षा वेगळा), एसी टाइपला फक्त साधा एसी, म्हणजे अल्टरनेटिंग करंटचा, लीकेज कळतो, कॉम्प्युटर-एलईडीसाठी किमान ए टाइप हवा, सिंगल फेज इन्व्हर्टर एअर कंडिशनरला एफ टाइप, आणि थ्री फेज ड्राइव्ह किंवा मोठ्या यूपीएसला मॅन्युअलमध्ये बी टाइप सांगितलाय का ते तपासा. मेनला १०० किंवा ३०० मिलीअँपियरचा लावायचा असेल तर उशिराने पडणारा एस टाइप घ्या, नाहीतर खालच्याबरोबर वरचाही पडतो. दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एका बसबारवर आले की दोन्ही उगाच पडत राहतात, हे शोधण्यात दिवस जातो त्यामुळे न्यूट्रल पहिल्यापासून वेगळे ठेवा.

यूपीएसच्या पुढची सर्किटं वेगळी समजून घ्या. बॅटरीवर असताना यूपीएस शॉर्टसर्किटला करंट बेताचाच देऊ शकतो, त्यात सी १६ पडेलच असं नाही, म्हणून तिथे लहान रेटिंगचा बी कर्व्ह बरा, आणि यूपीएस किती फॉल्ट करंट देतो ते मॅन्युअलमधून बघून मगच ठरवा.

किलोअँपियरचा आकडा सहसा कोणी बघत नाही. ब्रेकरवर चौकटीत ६००० किंवा १०००० लिहिलेलं असतं, तो किती मोठा शॉर्टसर्किट तोडू शकतो ते. ट्रान्सफॉर्मर बिल्डिंगमध्येच असेल तर फॉल्ट करंट मोठा असतो, मेनला एमसीसीबी (जास्त क्षमतेचा मोठा ब्रेकर) लागतो आणि त्याचं रेटिंग हिशोब करूनच ठरवायचं.

बसवून झालं की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, पुढेही कंपनीने सांगितलेल्या काळाने दाबत राहा. प्रत्येक ब्रेकरखाली कुठली टेबलं, कुठले लाईट ते लिहा, सोबत वायरची साइजही लिहा, म्हणजे पुढे कोणी १६च्या जागी ३२ बसवायला आला तर झाकण उघडल्यावर पहिली नजर त्या अडीच स्क्वेअर एमएमवर पडेल.