जुना इटालियन सेल्युलॉइड पेन घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

बोलोन्याच्या ओमास कंपनीचे 1930च्या दशकातील बारा पैलूंचे पेन असोत किंवा बास्सानो देल ग्राप्पा येथील मोंतेग्राप्पाचे, त्यांची दुर्मिळता बहुधा सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, रंगावरून आणि पोतावरून ठरते; म्हणून निबेच्याही आधी टोपण आणि दांडा दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहावेत. दांडा टोपणापेक्षा काळपट दिसत असेल, तर आतल्या शाई साठवणाऱ्या रबरी पिशवीतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूंनी रंग उतरवला असण्याची शक्यता असते, आणि असा रंग पॉलिश करून परत येत नाही. टोपण दुसऱ्याच पेनाचे असण्याची शक्यताही तपासावी. विक्रेते दोन्ही प्रकारांना ‘सुंदर जुनी छटा’ म्हणतात, त्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करावे.

टोपण उघडून वास घ्यावा. कापराचा मंद वास स्वाभाविक आहे, कारण सेल्युलॉइड नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते. मात्र वास झोंबणारा, आम्लासारखा असेल, आत बारीक भेगांचे जाळे दिसत असेल किंवा क्लिपवर हिरवट गंज चढला असेल, तर विघटन सुरू झाले आहे असे समजून तो पेन घेऊ नये.

घरी आणल्यावर पेन हवाबंद डबीत ठेवू नये, कारण बाहेर पडणारे आम्लवायू कोंडले की विघटन वाढते आणि शेजारचे पेनही बाधित होतात. हवा खेळती असलेली, थंड, अंधारी जागा उत्तम. धुण्यासाठी साधे गार पाणी पुरते. अल्कोहोल आणि अॅसिटोन सेल्युलॉइडला इजा करतात, आणि सेल्युलॉइड स्वतःच ज्वलनशील असल्यामुळे ज्योतीजवळ तर पेन कधीच नेऊ नये.